न झालेल्या लढाईच्या बंदुका

भिकमचंदजींच्या घरात भाजी कापत नाहीत, सुधारतात. विळी तीच, दुधी तोच, पण 'काप' हा शब्द त्या घरात कोणी तोंडावाटे काढत नाही. मुलांना दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूल कधी मिळालं नाही आणि होळीला पिचकारी आली तीही माशाच्या आकाराची. अशा घराच्या गच्चीवरच्या खोलीत, ऐन पर्युषणात, अठरा बंदुका दोरीला टांगून वाळत होत्या. त्यांच्यासमोर वेताच्या खुर्चीत बसून खुद्द भिकमचंदजी, वय सत्त्याहत्तर, कोणत्या बंदुकीला कोणता रंग शोभेल ते सांगत होते. धुळ्याच्या जैन समाजात ही गोष्ट फुटली असती तर लोकांना पुढचं वर्षभर पुरली असती.

बंदुका खोट्या होत्या. जळगावच्या रोनकने अजिंठा रस्त्यावर तीन एकर पडीक जमीन भाड्याने घेतली होती आणि तिथे तो एअरसॉफ्टचं मैदान काढत होता. माणसं डोळ्यांवर जाड चष्मे लावून, मातीच्या पोत्यांच्या आडोशाने, एकमेकांवर तुरीच्या दाण्याएवढ्या प्लास्टिकच्या गोळ्या मारतात आणि ज्याला लागली तो हात वर करून बाहेर जातो, असा तो खेळ. बंदुका दिसायला हुबेहूब, फक्त कुकरच्या मुठीसारख्या काळ्या आणि चकचकीत. रोनकला ती चकाकीच नको होती. एखाद्या मोठ्या लढाईवरून परत आल्यासारख्या, हाताळून हाताळून झिजलेल्या दिसल्या पाहिजेत, असं त्याने रिद्धीला फोनवर सांगितलं. मैदानाचं उद्घाटन रविवारी होतं आणि माल न्यायला तो शुक्रवारी स्वतः येणार होता.

रिद्धी ही भिकमचंदजींची नात, मुलगा पुनीतची एकुलती एक मुलगी, तेवीस वर्षांची. जळगावला चित्रकला शिकून आली आणि मैत्रिणीच्या भावाची असली एक बंदूक तिने गंमत म्हणून खरवडून नव्याने रंगवली. तिचा व्हिडिओ कुठे कुठे फिरला आणि मग इंदूर, सुरत, नाशिक अशी कुठून कुठून लांबट खोकी घरी येऊ लागली. पहिलं खोकं दुकानातल्या धनसिंगने वर नेलं. हा शिरपूरकडचा पन्नाशीचा गडी, रंगाचे वीस-वीस लिटरचे डबे दोन्ही हातांत घेऊन जिने चढणारा. त्या दिवशी मात्र तो खोकं छातीपासून लांब धरून चालला होता. "भाऊ, हाई खरी ते नही शे ना? माले भ्याव लागस," तो भिकमचंदजींना म्हणाला, आणि भिकमचंदजींना घरात काय चाललंय ते कळलं.

ते वर गेले ते रागवायला. पण जिना बावीस पायऱ्यांचा आणि गुडघे सत्त्याहत्तर वर्षांचे. वर पोहोचेपर्यंत रागाचा दम सुटला होता आणि नुसता दम लागला होता. रिद्धीने त्यांना खुर्ची दिली. खिडकीतून दहाचं ऊन आत आलं होतं. तोंडाला फडकं बांधून ती रंग उतरवायच्या औषधाने बंदूक पुसत होती, आणि तो काळा रंग हळूहळू सैल होऊन तिच्या फडक्यात येत होता. रंग गेला तशी बंदुकीची सगळी ऐट गेली. खाली उरलं ते फिकट करड्या प्लास्टिकचं काहीतरी, नुकत्या न्हाऊ घातलेल्या बाळासारखं उघडंवाघडं. त्याच्यावर काय रागवायचं, हे भिकमचंदजींना कळेना.

तेवढ्यात रिद्धीने एका वाटीत लाकडाचा तपकिरी रंग कालवायला घेतला आणि तो तिला जमेना. भिकमचंदजी दोन मिनिटं गप्प बसले. तिसऱ्या मिनिटाला त्यांच्याने राहवलं नाही. "गेरू टाक थोडा," ते म्हणाले, "आणि काळा नको, निळा टाक. सुपारीएवढा." रिद्धीने टाकला. वाटीत जुन्या सागवानाचा रंग उतरला आणि दोघंही त्या वाटीकडे बघत राहिली.

इथे थोडं मागे जायला हवं. आग्रा रोडवरचं रंगाचं दुकान भिकमचंदजींनी पन्नास वर्षं चालवलं ते डोळ्यांवर. गिऱ्हाइकाने साडीचा काठ दाखवावा, पानाचा तुकडा दाखवावा, नुसतं 'मामाच्या घराच्या दारासारखा' म्हणावं, आणि भिकमचंदजींनी डब्यात काठी फिरवत तो रंग समोर ठेवावा. त्यांच्या रंगांची नावं कुठल्या कंपनीच्या पुस्तकात नव्हती. एक होता सोनगीर पितळी, एक दोंडाईचा मिरची, एक रावेर केळपान, आणि एक फिकट धुरकट जांभळा, संध्याकाळी लळिंगच्या किल्ल्यावर उतरतो तसा, त्याला ते 'लळिंग सहा वाजता' म्हणायचे. मग पुनीतने मशीन आणलं. नंबर दाबला की रंग हजर. भिकमचंदजींना मानाने पंख्याखालचं स्टूल देण्यात आलं. मशीन कधी चुकत नाही, आणि जे चुकत नाही त्याच्याशी माणसाने बोलायचं तरी काय, असं ते धनसिंगला म्हणायचे. चार वर्षं ते त्या स्टुलावर बसून आल्यागेल्याला रामराम घालत होते.

आता ते रोज दहा वाजता बावीस पायऱ्या चढू लागले. एक अट त्यांनी पहिल्याच दिवशी घातली. रंग कालवून देईन, पण त्या वस्तूला हात लावणार नाही. हत्याराला हात न लावण्याचं पच्चक्खाण, म्हणजे जैन मुनी महाराजसाहेबांसमोर हात जोडून घेतलेला नेम, ते सोळाव्या वर्षापासून पाळत होते. खोटं हत्यार नेमात बसतं की नाही, हे त्यांनी कोणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

रोनकच्या अठरा बंदुका आल्या आणि त्या खोलीत भिकमचंदजींचे दिवस भलतेच लांब आणि मऊ झाले. औषधाचा उग्र वास, खालून येणारा आग्रा रोडचा गलका, दोरीवर वाऱ्याने सावकाश फिरणाऱ्या त्या फिकट वस्तू. मधूनच त्यांचा डोळा लागायचा आणि रंग तसेच पुढे चालू राहायचे. तापीचं पाणी वाटीत यायचं, त्यात कोणीतरी काठी फिरवायचं, पाण्याचा गाळ व्हायचा, गाळाची ज्वारीची पेंढी व्हायची. जागे झाले की ते डोळे न उघडता रिद्धीला सांगायचे की हिरव्यात जरा पेंढी पाहिजे. रिद्धीला ते बरोबर कळायचं.

झीज कुठे दाखवायची हा खरा प्रश्न होता. रिद्धी कोरड्या ब्रशावर नावापुरता चंदेरी घेऊन कडा घासायची, म्हणजे तिथला रंग उडून धातू दिसतोय असं वाटावं. पण कडा सगळ्या सारख्याच घासल्या तर ते खोटं दिसतं. कोणाच्या हातात होती, तो कसा धरायचा, हे कळल्याशिवाय झीज कुठे घालणार, असं ती एकदा म्हणाली. मग भिकमचंदजी सांगू लागले.

ही लांब नळीची. हिच्या मालकाला तापीवरच्या पुलाचा पहारा दिला होता. पुलावर कधी कोणी आलंच नाही, तो तिला कुशीत घेऊन झोपायचा, तेव्हा दस्त्याला गालाच्या बाजूने झीज. ही आखूड, हिच्या नळीला तो ओलं धोतर वाळत घालायचा, तिथे एक कडं उमटलेलं. ही केळीच्या बागेतल्या झोपडीत कोपऱ्याला उभी असायची, तेव्हा खालून चार बोटं चिखल. ही टेकत टेकत तो चालायचा, गुडघे दुखायचे बिचाऱ्याचे. अशा अठराही बंदुकांच्या गोष्टी झाल्या आणि त्या सबंध लढाईत एकही गोळी सुटली नाही. भिकमचंदजींनी ते मुद्दाम केलं नव्हतं. त्यांना दुसरं काही सुचतच नव्हतं.

या सगळ्या सुखात एक खडा होता. पुण्याच्या एका कंपनीने रिद्धीला बोलावलं होतं. संगणकावरच्या खेळांची चित्रं रंगवायची नोकरी, पगार चांगला, पहिल्या तारखेला हजर व्हायचं. पुनीतने स्वच्छ सांगितलं होतं. रोनकचं काम नीट झालं आणि त्याने पुढच्या शंभर बंदुका दिल्या, तर दुकानामागचं गोदाम रिद्धीचं, तिने तिथे आपला धंदा थाटावा. नाहीतर पुणं. भिकमचंदजींनी ते ऐकलं आणि त्या अठराच्या अठरा बंदुका त्यांच्या जिवाला लागल्या. नात गेली तर ही खोली गेली, वाट्या गेल्या, आणि आपण परत पंख्याखाली. पण खरं म्हणजे एवढंच नव्हतं. नात गेली तर नात गेली असती, आणि ते त्यांना सहन होणार नव्हतं. पुण्याचं पत्र ती रोज एकदा फोनवर उघडून बघते, हे त्यांनी पाहिलं होतं. पाहिलं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

गुरुवार उजाडला तो ढगाळ. पर्युषणाचा सहावा दिवस, भिकमचंदजींना उपास. शेवटचा हात राहिला होता, रंग पक्का करणाऱ्या पातळ लाखेचा. दुपारी पावसाची एक सर येऊन गेली आणि हवा अशी ओली झाली की लाख वाळेचना. सूर्य मावळायच्या आत जेवून घ्यायचं म्हणून खालून हाका सुरू झाल्या. रिद्धीने दोन मोठे हॅलोजनचे दिवे आणून बंदुकांपुढे ठेवले. उबेने वाळेल म्हणाली. दिवे फार जवळ आहेत, लाखेला फोड येतील, असं भिकमचंदजींनी तिला सांगितलं. तिने त्यांच्याकडे न बघताच, राहू द्या, घाई आहे, असं म्हटलं आणि ती खाली गेली. जेवण झाल्यावर आई किरणला स्कूटरवरून जैन स्थानकात प्रतिक्रमणाला, म्हणजे संध्याकाळच्या प्रार्थनेला, सोडून तासाभरात येते, तोवर बसा इथेच, असं जिन्यातून ओरडून गेली. वासासाठी खिडक्या सताड उघड्या होत्या.

आधी एक आलं. मग चार. पाऊस पडून गेला की वाळवीला पंख फुटतात आणि तिची पाखरं जमिनीतून उठून उजेडाकडे धावतात, हे खानदेशात कोणाला सांगायला नको. बघता बघता दिव्यांभोवती त्यांचा धूर झाला. भिकमचंदजी अर्धवट झोपेत होते. त्यांना वाटलं, कोणीतरी कापूस पिंजतंय. मग एक पाखरू समोरच्या बंदुकीच्या दस्त्यावर बसलं आणि तिथेच राहिलं. त्याचे पंख लाखेत चिकटले होते. ते पाय हलवत होतं.

भिकमचंदजींनी उठून आधी दोन्ही दिवे बंद केले. खिडकीतून मावळतीचा उजेड येत होता, तेवढ्यात त्यांनी वाकून पाहिलं. एकेका बंदुकीवर दहा-दहा, पंधरा-पंधरा. सगळी पाय हलवत होती.

आणि तेव्हा त्यांना आठवलं. ओल्या रंगात किडा पडला तर काय करायचं, हे पन्नास वर्षांत किती रंगाऱ्यांनी त्यांना गल्ल्यावर विचारलं असेल. ते काठी फिरवत, वर न बघता सांगायचे, हात लावू नका, वाळू द्या, मेल्यावर चिमट्याने काढा, डाग राहत नाही. सल्ला अगदी बरोबर होता. ओल्या रंगाला हात लावायचा नाही, हा त्या धंद्यातला पहिला नियम. पण भिकमचंदजींनी जन्मात स्वतः भिंत रंगवली नव्हती. वाळेपर्यंत तिथे काय चालतं, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. या बंदुकांना ते महिनाभर हात लावत नव्हते, आणि त्यांनी आजवर एकही जीव मारला नव्हता. मारत होता तो रंग. पन्नास वर्षं त्यांनी विकलेला. त्यांना एकदम फार एकटं वाटलं.

खुर्चीला अडकवलेल्या पिशवीत सामायिकाला, म्हणजे घटकाभर ध्यानाला, बसायची पुंजणी होती, जागेवरची मुंगी न दुखावता बाजूला करायची लोकरी धाग्यांची झाडणी. ती घेऊन ते पहिल्या बंदुकीपाशी गेले. टांगलेली वस्तू एका हाताने धरल्याशिवाय हलायची थांबेना. भिकमचंदजींनी ती धरली. एकसष्ट वर्षांचा नेम मोडला हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. दस्ता डाव्या मुठीत, नळी काखेत, आणि उजव्या हाताने पुंजणीचा एक धागा पाखराच्या पोटाखाली सरकवायचा. काही सुटली, काहींचे पंख मागेच राहिले. ज्यांचं काही उरलं होतं त्यांना त्यांनी तळहातावर घेऊन खिडकीबाहेर कठड्यावर ठेवलं. एकामागून एक, अठरा बंदुका. हातांना लाख लागत होती, लाखेला हात लागत होते. शेवटी अंधारून आलं आणि दिसेनासं झालं, तेव्हा ते खाली फरशीवर बसले.

रिद्धी दारात येऊन उभी राहिली. दिवा लावू नको, असं ते म्हणाले, म्हणून तिने फोनचा उजेड दोरीवरून फिरवला. प्रत्येक बंदुकीवर बोटांचे ठसे, तळव्याचे माग, धाग्यांच्या रेघा.

"तुझं काम मी बिघडवलं," ते म्हणाले.

रिद्धीने फोन खाली ठेवला. मग त्यांच्या शेजारी फरशीवर बसली आणि विचारलं, "किती वाचली, दादासा?"

"नऊ असतील. दहावं उडालं की पडलं, दिसलं नाही."

तिने त्यांचा चिकट हात हातात घेतला आणि ती रडली. कामासाठी रडते आहे, असं त्यांना वाटलं.

शुक्रवारी रोनक आला. भिकमचंदजी सकाळपासून दुकानात स्टुलावर बसून होते. वर जायचं त्यांचं धाडस झालं नव्हतं. लाख रात्रीतून आपोआप वाळली होती, दमट हवेमुळे तिला पांढुरका धुरकटपणा आला होता. रोनक वर गेला आणि अर्धा तास खालीच आला नाही. आला तो जिन्यातूनच बोलत. तो म्हणाला की मुंबईच्या लोकांकडून काम करून घेतलंय, पण असं कोणाला जमलं नाही. झीज सगळेच करतात. पण या बंदुका खरोखर कोणीतरी महिनोन् महिने हातात वागवल्यासारख्या दिसतात. मूठ जिथे बसते तिथेच ठसा, घामाचा डाग पडावा तसा. कुठला ब्रश वापरला, एवढं तरी सांगा. रिद्धीने आजोबांकडे पाहिलं आणि, ते सांगता येणार नाही, असं उत्तर दिलं. रोनकने पुढच्या शंभर बंदुकांचं तिथल्या तिथे ठरवलं. पुनीतने गोदामाची किल्ली काढून मुलीच्या हातात दिली.

त्या दिवशी भिकमचंदजी कोणी पाहिले नसतील एवढे खुश होते. धनसिंगला घेऊन ते गोदामात गेले आणि कुठल्या खिडकीला बारीक जाळी लागेल, ते मोजून आले. काम फक्त दिवसाउजेडी. दिवा लावायचा नाही. सगळं जमण्यासारखं होतं. एकीकडे वाट्यांची फळी, एकीकडे आपली खुर्ची. त्यांनी फळीचा रंगसुद्धा ठरवला, लळिंग सहा वाजता.

शनिवारी संवत्सरी. वर्षभरात कळत-नकळत ज्याला दुखावलं असेल त्याची माफी मागायचा दिवस. संध्याकाळचं प्रतिक्रमण झालं की घरातला जो तो प्रत्येकापुढे हात जोडून 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणतो, लहान मोठ्याला आणि मोठा लहानाला. भिकमचंदजी ते शब्द पाऊणशे वर्षं म्हणत आले होते, रामराम म्हणावं इतक्या सहज. सगळ्यांचं झाल्यावर रिद्धी त्यांच्या खोलीत आली, हात जोडले आणि तशीच उभी राहिली. त्यांनीही हात जोडले. ती जाईना.

"नुसतं म्हणून नाही चालायचं, दादासा. मला सांगून मागायचंय," ती म्हणाली.

भिकमचंदजींनी तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही.

"ते दिवे मी मुद्दाम जवळ ठेवले होते. फोड येतील हे मला ठाऊक होतं. काम बिघडलं की पप्पा आपोआप पुण्याला पाठवतील, मला तुम्हाला काही सांगावं लागणार नाही, असं वाटलं. मला जायचं होतं. पहिल्यापासून. पण तुम्ही रोज वर यायला लागलात, इतके छान बोलायला लागलात, मग माझ्याने बोलवेना. पाखरांचं माझ्या डोक्यातही आलं नाही. ती माझ्यामुळे मेली, आणि तुमचा नेम माझ्यामुळे मोडला."

 बाहेर किरण कोणाला तरी फोनवर माफी मागत होती, बहुधा माहेरी.  शंभर बंदुका, जाळी, फळी, खुर्ची, सगळं एका वाक्यात गेलं होतं. भिकमचंदजींना नातीचा राग आला, खरा, आतून आलेला राग, आणि त्या रागासकट ते तिच्याकडे बघत राहिले. ती हात जोडूनच उभी होती. तिच्या नखांच्या कडेला अजून चंदेरी रंग होता.

"बस," ते शेवटी म्हणाले. "माझंही ऐकून घे. तू पत्र रोज उघडायचीस, ते मी बघायचो."

रिद्धीने मान वर केली. "तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं. म्हणून तर रंग इतके चांगले लागत होते. चार वर्षांत एक रंग डोक्यात आला नव्हता माझ्या. तुला ठेवून घ्यायचं मनात आलं आणि येतच राहिले. एकेक रंग असा करायचो, की तुझा पाय निघू नये."

एवढं बोलून त्यांना दम लागला, बावीस पायऱ्या चढल्यासारखा. मग त्यांनी तेवीस वर्षांच्या मुलीपुढे हात जोडले, मान खाली घातली, आणि ते दोन शब्द म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना ते म्हणायला वेळ लागला. एक शब्द निघाला, दुसऱ्यासाठी थांबावं लागलं. रिद्धीने त्यांचे हात धरले आणि स्वतःच्या डोळ्यांवर ठेवले.

ती रडायची थांबली तेव्हा भिकमचंदजींनी उठून दार उघडलं आणि पुनीतला हाक मारली. तो आला. गोदामाची किल्ली परत घे, असं त्यांनी त्याला सांगितलं. रोनकला तू फोन कर, नाहीतर मी करतो. पोरगी पहिल्या तारखेला पुण्याला जाते आहे, खिडकीजवळची जागा बघून तिकीट काढ.